एककर्णी विश्रांती

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. रंग काळा, कानांवरच्या गाद्या आता करड्या पडलेल्या, डाव्या वायरीवर दुरुस्तीचा एक जाडसर जोड. दुकानातल्या सर्वांत कमी किमतीच्या मालात माझी गणना होत असे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याविषयी कोणी बोलू लागले की सुरुवात तिथूनच होते. मला त्याची लाज नाही. जे घडले ते किमतीमुळे घडले नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म पत्र्याच्या छताच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. जन्म हा शब्द तुमचा. खरे तर मला जोडले गेले. केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्यावर कागदासारखा पातळ पडदा, भोवती प्लॅस्टिकची वाटी. अशा दोन वाट्या एका वाकवलेल्या पट्टीला लावल्या की झालो मी. एका वाटीवर डाव्या कानाची खूण, दुसरीवर उजव्या. शेवटच्या टेबलावरच्या बाईने मला कानाला लावले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि मान वर न करता ती म्हणाली, "चालेल." मला मिळालेले ते पहिले प्रमाणपत्र.

पुढे बराच काळ मी एका दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला होतो. समोरच्या काचेत माझी चकचकीत भावंडे मांडलेली होती. माझ्या पाकिटावर धुळीचा थर होता आणि त्यावर कुणीतरी बोटाने रेघ ओढून पाहिली होती.

मग एके दिवशी ताई आल्या. त्यांना सगळेच ताई म्हणत. पूर्वी त्या रुग्णालयात नर्स होत्या. नोकरी सोडून त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत थकलेल्या माणसांसाठी विश्रांती केंद्र काढले होते. त्यांच्याकडे एक यंत्र होते, जाड पुस्तकाएवढे. त्याला जोडलेला काळा चष्मा, आणि चष्म्याच्या आत बारीक दिवे. माणसाने खुर्चीत आडवे व्हायचे, डोळे मिटायचे, चष्मा लावायचा. मिटलेल्या पापण्यांवर दिवे संथ लयीत उघडझाप करतात आणि त्याच लयीत कानांत आवाज येतो. यंत्राबरोबर आलेला हेडफोन मोडला होता. नवा हवा होता, पण यंत्र घेण्यातच ताईंची पुंजी संपली होती.

त्यांनी पिशवीतून यंत्र आणि चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"ताई, चष्मा कशाला आणलात?" दुकानदार हसला. "हेडफोन कानाला लावायचाय ना?"

"चष्म्याच्या काड्या कानावरच बसतात हो. त्यांच्यावरून हा नीट बसला पाहिजे. आणा, एकेक काढा."

पहिला बिनतारी निघाला. दुकानदाराने यंत्राला एक छोटा जोड लावून तो चालू करून दिला. ताईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "ह्याचा आवाज दिव्याच्या मागून येतो. दिवा लागून गेला की मग आवाज. माणूस झोपेल कसला, वाट बघत बसेल." दुसऱ्यात नुसते धमधम. "मला माणसं झोपवायचीत, नाचवायची नाहीत." तिसऱ्याने चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. चौथा चांगला वाटत होता, पण त्याच्या दोन्ही वाट्यांतून एकच आवाज येत होता. "मला दोन कानांत दोन वेगळे हवेत," ताई म्हणाल्या. "अगदी थोडा फरक असतो दोघांत. त्या फरकाचा ठेका आत डोक्यात तयार होतो. यंत्राची सगळी गंमत तिथे आहे."

"बजेट एवढंसं आणि अटी एवढ्या!" दुकानदाराने कपाळाला हात लावला. "हेडफोन बघताय की जावई?"

"जावई बघताना एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं."

दुकानदार मोठ्याने हसला आणि हसता हसताच त्याने मागे हात घालून मला काढले. ताईंनी मला झटकले, चष्म्यावरून कानांना लावले, एकदा डावीकडचा आवाज ऐकला, एकदा उजवीकडचा. मान हलवून पाहिली. वायर दोन्ही टोकांना वाकवून पाहिली. मी हलका होतो, गाद्या रुंद होत्या, डावे-उजवे स्वच्छ वेगळे होते. माझ्यात आणखी काहीच नव्हते, आणि त्यांना आणखी काहीच नको होते.

"हाच द्या," त्या म्हणाल्या. मित्रांनो, स्वस्त वस्तूलाही कुणीतरी पारखून निवडले की ती स्वस्त राहत नाही, असे मला त्या दिवशी वाटले होते.

ती वर्षे चांगली गेली. सकाळी पहिले गिऱ्हाईक येण्याआधी ताई स्वतः मला कानाला लावून दोन्ही बाजू ऐकत. प्रत्येक माणसानंतर माझ्या गाद्या पुसत आणि त्यांवर धुतलेल्या मऊ कापडाची टोपी चढवत. माझी वायर सैल वेटोळे करून लाकडी खुंटीवर ठेवत. कुणाला फिट येत असेल तर चष्मा द्यायचा नाही, हे त्या येणाऱ्या प्रत्येकाला विचारून घेत. आवाज तर इतका हळू ठेवत की बाहेर सायकलची घंटी वाजली तर आत कळावी. "ऐकू येतंय की नाही अशी शंका यावी, एवढाच हवा," असे त्यांचे म्हणणे. लोक पडल्या पडल्या झोपत. कुणी घोरत. उठल्यावर एक शिक्षिका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "हे मला घरी नेऊ द्या, आणि नवऱ्याला इथे ठेवा."

आमच्याकडे नेमाने येणाऱ्यांत एक गृहस्थ होते. त्यांना त्यांच्या कारखान्यात 'कानसेन' म्हणत आणि आमच्याकडेही तेच नाव रुळले. हा कारखाना चिनी मातीच्या मोठ्या बरण्यांचा, तेजाब साठवण्याच्या. भट्टीतून बरणी निघाली की कानसेन काका तिच्यावर लाकडी हातोडीने हलकेच ठोका देत आणि कान तिरका करत. खणखणीत आवाज आला तर बरणी धड. बद्द आला तर आत कुठेतरी डोळ्यांना न दिसणारी चीर. तसली बरणी बाहेर गेली तर कुणाच्या तरी अंगावर तेजाब सांडणार. दिवसभर ठोके ऐकून त्यांचे डोके ठणके, म्हणून ते एक दिवसाआड कामावरून थेट आमच्याकडे येत.

"डावा कान भट्टीच्या पंख्याने तरुणपणीच खाल्ला," ते ताईंना सांगत. "बोलणं कळतं, पण चीर काही कळत नाही त्याला. उजवा आहे तोवर मी आहे. हा गेला की मला बरण्यांच्या पेट्यांत गवत भरायला बसवतील."

"मग त्याला जपा की काका."

"जपतोय म्हणूनच तर तुमच्याकडे येतो. दिवसभरात तेवढीच काय ती त्याला सुट्टी."

मग ताईंना गावी जावे लागले. मुलीचे बाळंतपण अवघड होते, आणि जावयाचा काही भरवसा नव्हता. काही महिने तरी लागणार होते. केंद्र त्यांनी धाकट्या भावाकडे सोपवले.

धाकटा वाईट माणूस नव्हता. हे मी त्याची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. वाईट माणसाने केले असते तर मला एवढे लागले नसते. त्याने आधी दोन धंदे काढून बंद केले होते आणि घरात कुणीही काही हरवले की 'त्याच्याकडे दिलं होतं का?' असा प्रश्न विचारला जाई. ह्या वेळी त्याला दाखवून द्यायचे होते. ताई परत येईपर्यंत एकही दिवस केंद्र बंद ठेवायचे नाही, एकही गिऱ्हाईक परत पाठवायचे नाही, असे त्याने ठरवले. पुसणे, टोपी, खुंटी हे सगळे त्याला वेळखाऊ वाटले. माणूस उठला की तो मला खुर्चीवर टाकी आणि दुसऱ्याला आत बोलावी.

त्या खुर्चीची पाठ मागे पडते, पुढे येते. तिच्या बिजागरीत माझी वायर एकदा सापडली, मग पुन्हा सापडली. डावीकडे खरखर सुरू झाली. धाकट्याने वायर पिळली, चिकटपट्टी लावली. थोडे दिवस वायर एखाद्या विशिष्ट कोनात धरली तर मी बोलत होतो. नंतर डावी वाटी पूर्ण गप्प झाली.

आमच्या जिन्याखालीच रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करणारा बसत असे. मला खाली न्यायचे, एवढेच काम होते. पण बाहेरच्या खोलीत माणसे बसलेली होती. धाकटा मला हातात घेऊन जिन्यापर्यंत गेलाही. मग त्याने माणसांकडे पाहिले आणि परत फिरला.

पहिली तक्रार शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी केली. "अहो भाऊ, एकाच कानात येतंय."

धाकटा गडबडला. मग त्याच्या तोंडून निघून गेले, "नवीन पद्धत आहे ती. एका कानाची."

"अस्सं! मला वाटलं बिघडलंय."

"छे हो. बिघडेल कशाला?"

बाईंनी मान डोलावली आणि त्या आडव्या झाल्या. मित्रांनो, खोटे पहिल्याच फटक्यात पचले की माणसाला त्याची भीती वाटेनाशी होते. आठवडाभरात धाकट्याने पेंटरकडून एक पाटी रंगवून आणली: 'आमच्याकडे एककर्णी विश्रांती मिळेल.' ती वाचून उलट चार नवी माणसे जिना चढून आली.

पण दोन आवाजांतला फरक उरला नव्हता, त्यामुळे तो ठेकाही उरला नव्हता. उजव्या कानात नुसता एक सरळ सूर वाजत राही. लोकांना झोप लागेना. धाकट्याला त्यावर एकच उपाय सुचला. यंत्राला आवाजाची एकच चावी होती. ती तो वाढवत गेला. त्याला वाटे, कमी ऐकू येते म्हणून झोप येत नाही. डाव्या वाटीतून काही जात नव्हते. जे काही होते ते सगळे उजव्या कानात ओतले जात होते.

कानसेन काका आले तेव्हा ती पाटी त्यांनी वाचलीच नाही. पडल्यावर थोड्या वेळाने त्यांनी चष्मा वर केला.

"भाऊ, डावा माझा मुळातच मंद आहे, पण आज तिकडे काहीच नाही. बिघडलंय का काही?"

"बिघडलं नाही काका, सुधारलंय. एककर्णी आहे हे. फक्त उजव्या कानातून."

"बरं झालं मग. माझा तोच धड आहे." ते क्षणभर थांबले. "आवाज जरा जास्त नाही का?"

"सवय होईल. नवीन आहे ना, तेवढा लागतो त्याला."

"ताईंना माहीत आहे?"

"ताईनेच तर सांगितलंय."

ताईंचे नाव ऐकून त्यांनी चष्मा परत खाली घेतला. ज्या माणसाला ठोक्यावरून बरणीतली चीर कळत होती, त्याने माझ्याकडे कान देऊन सगळे सोसले, कारण ह्या खोलीवर त्याचा विश्वास होता. तो विश्वास ताईंनी मिळवला होता. धाकटा तो खर्च करत होता.

काही दिवसांनी काका म्हणाले, "कानात रातकिडे बसल्यासारखं किर्र होतंय हो."

"ताण, काका. दुसरं काय? एक दिवसाआड येताय, रोज या."

ते रोज येऊ लागले. रोज आल्यावर किर्र वाढले, आणि किर्र वाढले म्हणून ते जास्त वेळ पडून राहू लागले. माझ्या उजव्या वाटीखाली त्यांचा कान गरम झालेला मला कळत असे. मला बोलता येत होते, पण जे यंत्र पाठवी तेवढेच. त्यांना सावध करता येईल असा एकही सूर त्यात नव्हता.

"काल मुकादमाने मला दोन बरण्या परत ठोकायला लावल्या," एकदा ते चपला घालता घालता म्हणाले. आवाज उगाच मोठा होता. "म्हणाला, तब्येत बरी आहे ना? आजवर कधी कुणी मला परत ठोकायला लावलं नव्हतं."

"त्याला काय कळतंय?" धाकटा म्हणाला.

"अं?"

"त्याला काय कळतंय म्हटलं!"

"हां. तेही खरंच."

धाकट्याने त्या वेळी त्यांच्याकडे पाहिले आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. मला वाटते, त्याला त्याच दिवशी कळले होते. तरी दुसऱ्या दिवशी चावी तिथेच होती, जिथे आदल्या दिवशी होती.

ताई परतल्या. जिन्यावर त्यांनी पाटी वाचली. आत आल्या, पिशवी खाली ठेवण्याआधी त्यांनी मला खुर्चीवरून उचलले, कानाला लावले, यंत्र चालू केले आणि ओरडूनच मला काढून टाकले.

"हे काय आहे?"

"अगं ताई, थोडं डावीकडचं—"

"डावीकडचं राहू दे. उजवीकडे एवढा आवाज कुणाला लावतोस तू?"

"सगळ्यांनाच. कुणी तक्रार नाही केली."

"कानसेन काका येतात?"

धाकटा खुर्चीची पाठ सरळ करू लागला.

"अरे, मी तुला विचारतेय. काका येतात?"

"रोज येतात," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मला तो जेमतेम ऐकू आला.

काका संध्याकाळी आलेच. ताईंना बघून त्यांचा चेहरा उजळला. "आलात? नातू की नात?" ताईंनी काकांना खुर्चीवर बसवले आणि सगळे सांगितले. तुटलेली वायर, पाटी, चावी. त्या कुठेही अडखळल्या नाहीत, आणि कुठेही सारवासारव केली नाही.

काकांनी ऐकून घेतले. मग टेबलावरचा काचेचा पेला जवळ ओढला, नखाने त्याच्या काठावर टिचकी मारली आणि डावा कान पुढे केला. पुन्हा टिचकी मारली, उजवा कान पुढे केला. असे त्यांनी बऱ्याचदा केले. शेवटी पेला होता तिथे ठेवून दिला.

"डाव्याला बद्द, उजव्यालाही बद्द," ते म्हणाले. "पेला तर धड दिसतोय."

"उद्याच आपण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ काका."

"जाऊन आलो ताई. आजच. गेलं ते परत येणार नाही म्हणाले. कसल्या मोठ्या आवाजाजवळ बसत होतात, असं विचारत होते. मी म्हटलं, छे, मी तर रोज विश्रांतीला जातो."

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. "काका, मला खरंच वाटलं नव्हतं..."

"दुपारी मी मुकादमाकडे गेलो," काका त्याच्याकडे न बघता बोलत राहिले. "सगळ्यांसमोर सांगितलं, माझा कान गेलाय. मागच्या महिन्यात मी पास केलेल्या बरण्या अजून आवारात आहेत, एकही बाहेर सोडू नका, सगळ्या परत ठोका. दुसऱ्या खात्याचा माणूस बोलावला. मी पास केलेल्या बरण्यांत काही चीर पडलेल्या निघाल्या. लोक बघत होते. उद्यापासून मी गवत भरायला."

मग ते धाकट्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही.

"भाऊ, माझा कान गेला, ते मला चार लोकांत सांगता आलं. तुला एक वायर तुटली म्हणून सांगता येईना?"

धाकट्याला त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सुचले. काका आज का आले नाहीत, असे शिवणकामवाल्या बाईंनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काय सांगू, हेडफोन स्वस्तातला होता हो. त्यानेच घात केला." तेव्हापासून माझी ओळख ती झाली.

ताईंनी मला जिन्याखाली नेले. दुरुस्तीवाल्याने वायर सोलली, तारेला तार लावली, कथलाचा डाग दिला. समोरचा चहा निवायच्या आत माझी डावी बाजू बोलू लागली. एवढेच काम होते, मित्रांनो. एवढेसेच.

त्यानंतर काका एकदाच आले, ताईंनी फारच आग्रह केला म्हणून. त्यांच्या बाहीला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. ताईंनी आवाज पूर्वीसारखा अगदी हळू ठेवला आणि मला त्यांच्या कानांवर बसवले. मी दोन्ही बाजूंनी स्वच्छ बोलत होतो. माझ्या आयुष्यात इतके नीट मी कधी बोललो नसेन. काका बराच वेळ वाट बघत राहिले.

"चालू केलंत का ताई?"

"केलंय काका."

"दोन्हीकडे येतंय?"

"येतंय. दोन्हीकडे."

"असेल," ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल." त्यांनी मला दोन्ही हातांनी उतरवले, टेबलावर हळूच ठेवले आणि कठड्याला धरून ते जिना उतरून गेले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारख्या वस्तू असतील. त्यांना पुसा, त्यांची वायर सापडू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण तेवढ्याने भागत नाही. कितीही जपले तरी एक दिवस मी बंद पडणारच, आणि त्यात कुणाचाही अपमान नाही. त्या दिवशी मला दुरुस्त करायला तुमच्याकडे वेळ नसेल तर नसू दे. मला कोपऱ्यात टाका, फेकून द्या. फक्त मी चालतोय असे सांगून मला कुणाच्या कानाला लावू नका.